काठावरची अंथरुणं

रोवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली की मायचा फोन येतो. गोंदियाजवळच्या गोरेगावकडे पाणी कसं आहे, भाताच्या बांधीत चिखल झाला की नाही, परे म्हणजे रोपं उपटायला बाया मिळून राहिल्या की नखरे करून राहिल्या, बाजारात कोण भेटलं, कोणाची सून माहेरी गेली, हे सगळं सांगून होतं. मग ती जरा थांबते. "ठेवतो मग," म्हणते. आमच्याकडे बायाही 'ठेवतो'च म्हणतात. आणि ठेवायच्या आधी म्हणते, "पाय आत घेऊन झोपजो."

मी पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते. पलंगावर झोपते. खिडक्यांना जाळ्या आहेत. तरी ती हे म्हणते, आणि फक्त याच दिवसांत म्हणते. उन्हाळ्यात नाही, दिवाळीत नाही. मी "हो" म्हणते आणि फोन गादीवर आपटते, कारण आपटण्याजोगे फोन आता मिळत नाहीत.

माझ्या कामाबद्दल सांगायचं तर मी चिपचे नकाशे काढते. तलाठ्याकडे गावाचा नकाशा असतो ना, कोणाची बांधी कुठे, धुरा म्हणजे बांध कुठून जातो, पाट कुठे वळतो, तसाच. फक्त माझ्या नकाशातलं अख्खं गाव नखावर मावतं. त्या गावात ट्रान्झिस्टरची एक लाडकी जोडी असते. दोन बारीक विजांमधला फरक ओळखायचं काम त्या जोडीचं. तराजूची दोन पारडी म्हणा. पारडीच एकसारखी नसतील तर वजन काय डोंबल होणार? म्हणून ही दोघं अगदी सारखी हवीत. एकाच दिशेला तोंड, सारखी लांबी, सारखी रुंदी, सारखे शेजारी. माझा निम्मा पगार या दोघांचे लाड पुरवण्याचा आहे.

आता गंमत अशी की कारखान्यात चिप घडताना नको असलेला थर खरवडून खाल्ला जातो. ज्याच्या दोन्ही अंगांना शेजार आहे तो नीट कापला जातो. ज्याच्या एका अंगाला मोकळं रान आहे, त्याची कड वेडीवाकडी खाल्ली जाते. मग आम्ही काय करतो, तर जोडीच्या दोन्ही काठांना एकेक ट्रान्झिस्टर आणखी ठेवतो. दिसायला हुबेहूब तसाच. काम शून्य. त्याने चुकूनसुद्धा चालू होऊ नये म्हणून त्याचे सगळे पाय एकत्र करून बांधून टाकायचे. खाल्ली जायची ती कड त्याची खाल्ली जावी, एवढ्यासाठी त्याला जागा. त्याला डमी म्हणतात.

परवा अनुज नावाचा आमच्याकडचा नवा मुलगा माझ्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला, "मॅम, हे टोकाचे दोन काढले तर बरीच जागा वाचेल. नाहीतरी ते काहीच करत नाहीत."

"तू काय करतोस?" मी विचारलं.

तो हसला. मी हसले नाही. त्याला म्हटलं, काढ, आणि मग जोडी कशी वाकडी होते ते उद्या सगळ्यांपुढे उभा राहून सांग. पोरगा हिरमुसला. हिरमुसू दे. मला लोक तुसडी म्हणतात, आणि ते खरं आहे. रोवणीच्या दिवसांत तर कोणी माझ्या वाट्याला जावं अशी मी राहतच नाही.

१९९९ ची ती रोवणी. आमचं गाव गोरेगावपासून फार लांब नाही. आजोबा-पणजोबांनी खणलेल्या तलावाखाली आमच्या बांध्या. बाबा आणि काका एकत्र होते, चूल एक होती, आणि घरातल्या चारही मोठ्या माणसांना एकाच गोष्टीची दहशत होती: वाटणी. शेजारची घरं फुटताना त्यांनी पाहिली होती. बांध्यांच्या पट्ट्या होतात, पाण्यावरून भाऊ भावावर कुऱ्हाड घेऊन जातो. आपलं घर तसं होऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि घर फुटेल तर ते पोरांवरून, हेही त्यांचं पक्कं होतं. कारण माझा भाऊ निलेश आणि काकांचा राकेश एकाच वर्षी जन्मले.

मग सुरू झाला त्या दोघांचा मेळ. एकाच ताग्यातून दोघांचे शर्ट. राकेश अंगाने भरलेला, तरी शिंप्याला माप एकच, त्यामुळे निलेशचा शर्ट लोंबायचा आणि राकेशची बटणं तुटायची. पण सारखेपणात कसर नव्हती. दूध एकाच मापाने. कोंबडीला दोनच तंगड्या असतात हे आमच्या घराचं नशीब. एकाला ताप आला तर दुसऱ्यालाही शाळेला सुट्टी. माय आणि शांताकाकू, दोघी जावा एकमेकींच्या हाताकडे मांजरासारख्या पाहत असत, पळी कोणाच्या ताटाकडे जास्त वाकली ते.

राहिलो आम्ही दोघी. रेखा काकांची, मी बाबांची. म्हणजे त्या बाजूनेही घर सारखंच. आम्हाला दूध नव्हतं, चहा होता, आणि तो मापाने नव्हता, उरला तर होता. या बाबतीत सिलिकॉनमध्ये न्याय जास्त आहे. तिथे डमीलाही जोडीइतकीच लांबी-रुंदी द्यावी लागते. कमी देऊन चालत नाही.

रेखा माझ्यापेक्षा मोठी, नववी झालेली. दणकट, काळीसावळी, हसली की अख्ख्या सपरीला ऐकू जाईल अशी. सपरी म्हणजे आमची ओसरी. तिला एसटीची कंडक्टर व्हायचं होतं. राकेश तिला चिडवायचा, "बाई कुठी कंडक्टर राहते काय वो?" ती म्हणायची, "मी होतो ना. कंडक्टर कोणालेबी मधात सरका म्हणू शकते. सरपंचालेबी." जुन्या तिकिटांचा एक गठ्ठा तिने कुठून तरी मिळवला होता, आणि मी तिची एकुलती एक प्रवासी होते. मला ती फुकट गोंदियाला न्यायची.

रोवणीच्या दिवसांत आतल्या खोलीत खताची पोती रचलेली असायची. चोरखमारा गावाकडून आलेल्या रोवणीच्या बाया उरलेल्या जागेत झोपायच्या. मोठी माणसं खाटांवर. आम्ही चौघं सपरीत, जमिनीवर, एका ओळीत. त्या ओळीचा नियम बाबांनी घालून दिला होता. मीठ टाक म्हणावं इतक्या सहज त्यांनी तो सांगितला होता: "पोरं मधात. पोरी काठानं."

दाराकडे रेखा. मग दोघं पोरं. भिंतीकडे मी. पोरांनी आपसात जागा रोज बदलायच्या, म्हणजे एकालाच रेखाच्या लाथा आणि दुसऱ्यालाच माझ्या कोपराची टोकं असा अन्याय नको. आम्ही आजही जोडी तशीच आलटूनपालटून मांडतो. आमच्या दोघींच्या जागा मात्र कधी बदलल्या नाहीत. रेखा मोठी, म्हणून दार तिचं.

दार म्हणजे दोन फळ्या, खालून हातभर मोकळ्या. तिथून पावसाची चिळकांडी यायची, बेडूक यायचे, कुत्रं यायचं. आदल्या वर्षी विंचू आला होता आणि तो रेखालाच चावला होता. तिच्या किंकाळ्या ऐकून काकूने पहिल्यांदा काय केलं असेल, तर दोन्ही पोरांना उचलून खाटेवर ठेवलं. तेव्हा कोणी असं म्हणू नये की घरात कोणाला माहीत नव्हतं. जे यायचं ते काठानं येतं, हे माहीत होतं म्हणूनच पोरं मधात होती. कोणीतरी दारापाशी झोपायचंच होतं. कोणी झोपायचं, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर ठरलेलं होतं.

रेखा त्यावरही हसायची. अंथरुणात पडली की पायाने राकेशला ढकलायची आणि कंडक्टरच्या आवाजात ओरडायची, "चला चला, मधात सरका! दरवाज्यात गर्दी नोका करू!" राकेश रडायचा. काकू खाटेवरून शिवी हासडायची. रेखा परत आपल्या काठावर.

त्या दिवशी सकाळी ती उठली आणि पोट दुखते म्हणाली. आमची मोठी बांधी त्या दिवशी लावायची होती. परे उपटून, जुड्या बांधून ठेवलेले. घरची प्रत्येक बाई लागणार होती.

"रोवणीच्याच दिवशी दुखते तुह्या पोटात," काकू म्हणाली. ओवा दिला. रेखाला तो गिळता आला नाही, तोंडातून परत आला. काकू म्हणाली, नाटकं. मग रेखा भिंतीला टेकून बसली आणि तिच्या पापण्या खाली यायला लागल्या. काकूने तिला गदागदा हलवलं. "झोप उडून नाही राहिली काय तुही? उठ! बाया बांधीत उतरल्या, आन् हे महाराणी पेंगून राहिली!" आणि एक थोबाडीत मारली.

मी समोर होते. रेखाने बोटाने स्वतःची एक पापणी वर उचलली आणि त्या फटीतून माझ्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणाली. जीभ जड झाली होती, कळलं नाही. मी नंतर मोठी झाल्यावर वाचलं, मण्यार चावली की असंच होतं. दात इतके बारीक की झोपेत कळतही नाही, खूण दिसत नाही. आधी पोट, मग पापण्या, मग घसा, मग श्वास. आमच्या घरी ते सगळं कामचुकारपणात बसलं.

धुऱ्यावरून परत आलेल्या एका रोवणीवाल्या बाईने रेखाचं तोंड पाहिलं आणि बोंब ठोकली, "हिले पान लागलं वो बाई!" पान लागणं म्हणजे साप चावणं. तेव्हा काका बांधीतून धावत आले. घरात एकच मोटारसायकल, आणि ती बाबांनी नेलेली. बाबा पोरांना गोरेगावला शाळेत सोडायला गेले होते. दोघांनाही, कारण एकाला सोडून दुसऱ्याला चालत पाठवणं आमच्या घरी बसत नव्हतं. सोडून झाल्यावर त्यांना दोघांसाठी सारख्या कंपासपेट्या घ्यायच्या होत्या. एका दुकानात दोन सारख्या नव्हत्या म्हणून ते दुसऱ्या दुकानात गेले. ते परत येईपर्यंत काका रस्त्यावर उभे होते आणि काकू रेखाचं डोकं मांडीवर घेऊन तिला उठ म्हणत होती. आता आवाज वेगळा होता.

बाबा पुढे, काका मागे, मध्ये रेखा. आयुष्यात पहिल्यांदा ती मधात होती. गोरेगावच्या दवाखान्यातून पुढे गोंदियाला न्यायला सांगितलं. गोंदियाचे दिवे-खांब दिसायला लागले होते तेव्हा काकांच्या हातातली तिची मान सुटली.

दारामागच्या बारदान्याखाली मण्यार सापडली. माणसांनी ती मारली, काठीवर घेतली आणि अंगणात ठेवली. पोरं शाळेतून आली तेव्हा आधी निलेश पुढे झाला. काका, रडून डोळे सुजलेले काका, म्हणाले, "राकेशलेबी पाहू द्या." दोघांनाही साप सारखाच दाखवला.

आणि परे? उपटलेले परे थांबत नाहीत, सडतात. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायांनी येऊन ती बांधी लावली. त्या वर्षी धान चांगलं झालं. मी तो भात खाल्ला. सगळ्यांनीच खाल्ला.

ज्या जोडीसाठी हे सगळं, तिचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते, कारण ते सांगताना मला बरं वाटतं. जुळली नाही. इतकं मापून-तोलून नाहीच जुळली. निलेशने ट्रॅक्टर घेतला. राकेश काही दिवस तो चालवायला होता, मग दारू, मग भांडण, मग तलावाच्या पाण्यावरून डोकं फुटलं, ते निलेशचं. घराची वाटणी झाली. भिंत नेमकी सपरीच्या मधोमध गेली, पोरं झोपायची त्या जागेवरून. दाराकडची बाजू आमच्या वाट्याला आली, भिंतीकडची काकांच्या. निलेश आणि राकेश आता एकमेकांच्या पोरांची नावंही घेत नाहीत. आमच्या धंद्यात जोडीत फरक राहिला तर आम्ही मुळात मांडणी कुठे चुकली ते शोधतो. घरी कोणी शोधलं नाही.

मी तिथून शिकत शिकत बाहेर पडले. आधी गोंदिया, मग नागपूर, मग इथे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एका ज्येष्ठ बाईने मला पडद्यावर जोडी दाखवली, आणि काठावरचे ते दोघे दाखवून म्हणाली, यांचा बळी जातो म्हणून मधले शहाणे. मी स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं. मग येऊन ते मांडायला शिकले, आणि चांगलं शिकले. पण मी त्यांना नावं देत नाही. नकाशात नाव द्यावं लागतं तिथे नुसता आकडा टाकते.

रेखाची तेरवी झाली, पाहुणे गेले, रोवणी थोडी उरली होती. त्या संध्याकाळी अंथरुणं काकूने घातली. एरवी ते काम रेखाचं. काकूने आधी पोरांची टाकली, मधात. मग भिंतीजवळची माझी गोधडी उचलली आणि सपरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन दारापाशी टाकली. भिंतीकडे, माझ्या जागी, रेखाची वळकटी तशीच उभी करून ठेवली.

माय चुलीपुढून उठून आली. "शांता, तिचं तिकडं कायले टाकून राहिली?"

काकू ओरडली नाही. रडलीही नाही. "माही गेली, बाई," ती म्हणाली. "आता तुमची."

बाबा खाटेवर होते. त्यांनी ऐकलं आणि कूस बदलली. काका अंगणात उभे राहून आभाळाकडे पाहत होते. पोरं अजून मधात होती आणि मधातच राहणार होती. माय बाबांच्या पाठीकडे पाहत राहिली. तिने तेव्हा नाही म्हटलं असतं तर त्याच संध्याकाळी दुसरी चूल मांडली गेली असती, हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं. मी लहान होते, मूर्ख नव्हते.

ती आली. गोधडी झटकली. उलटी करून पुन्हा झटकली. मला झोपवलं, पांघरूण चारही बाजूंनी खोचलं, माझे पाय हाताने धरून आत दुमडले, आणि म्हणाली, "पाय आत घेऊन झोपजो."

तिने पाय आत घेतले. मला नाही घेतलं. त्या आणि पुढच्या प्रत्येक पावसात मी दारापाशी झोपले, गुडघे पोटाशी धरून, फळ्यांखालच्या फटीकडे तोंड करून, कारण पाठीमागून येणाऱ्यापेक्षा समोरून येणारं बरं. काही आलं नाही. त्याचं श्रेय कोणी घेऊ नये.

यंदाही मायचा फोन आला. पाणी बरं आहे. बाया मिळाल्या. आतल्या खोलीत निलेशने खत रचलंय, त्याची बायकापोरं दुसऱ्या खोलीत पलंगांवर. माय खाली, सपरीत. आता पोरंसोरं सपरीत झोपत नाहीत.

"मग दारापाशी कोण झोपते?" मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तिच्याकडे पाऊस पत्र्यावर वाजत होता, तो मला पुण्यात ऐकू येत होता.

"मीच टाकतो माहं," माय म्हणाली. "खाट चढवत नाही आता. दारापाशी हवा राहते."

 ती फोन ठेवत नव्हती. तिचा श्वास ऐकू येत होता. ती कशासाठी थांबली आहे ते मला ठाऊक होतं. यंदा ते वाक्य ती म्हणाली नाही. माझ्या तोंडून यावं म्हणून ती वाट पाहत होती.

"बरं," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.